आतला पट्टा मादाम ओर्तांस यांच्या नावे

मी, खाली सही करणारा एलुआ कारादेक, वय तेवीस, जन्म दुआर्नने बंदर, सध्या मुक्काम पॅरिस, बेलव्हिल, मादाम ओर्तांस विलमाँ यांच्या कॉर्सेटच्या, म्हणजे बायकांच्या कंबर आवळायच्या चोळ्यांच्या, दुकानावरची खोली, धंदा बॅले कंपनीचे पोशाख शिवणे, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहितो. डोकं ठिकाणावर आहे, कालपासून दारूला शिवलेलो नाही आणि कोणाचं दडपण नाही. उलट मादाम खालून ओरडताहेत की असली अभद्र कामं जेवणाआधी करू नयेत.

शनिवारी आमची कंपनी बोटीने ब्वेनोस आयरेसला निघते. एप्रिलात ते मोठं जहाज बुडाल्यापासून कंपनीतला जो तो मृत्युपत्र करतोय. शेजारचे मस्यू गोब्ले नोटरीकडे कारकून आहेत. ते म्हणाले, सगळं स्वतःच्या हाताने लिही, तारीख घाल, सही कर.

स्थावर मिळकत मला नाही. एका गावात टिकलो नाही कधी, तर घर कुठून येणार? जंगम आहे ती अशी.

शिडं शिवायचा दाभण आणि तळहातावर बांधायचं चामडं कोळसेवाल्या आन्सेल्मला द्यावं, त्याची पोती सारखी फाटतात. दाभण बापाचा. बाप शिडं शिवायचा. मी घरातून पळालो तेव्हा एवढंच उचललं आणि पुढे सर्कशीचे तंबू शिवले. त्या सर्कशीत एक उंट होता, त्याला बटणं खायची चटक होती, एकदा तर बँडवाल्याचा अख्खा कोट... पण ते राहू दे.

माझी चांगली टोपी कोणालाही द्यावी, फक्त कंपनीच्या चित्रकाराला देऊ नये. तो पोशाखांची चित्रं सुरेख काढतो, पण बाही आतून कशी असते हे त्याने जन्मात पाहिलेलं नाही, आणि सगळ्या नाचणाऱ्या मुलींसमोर त्याने मला ‘तंबूवाला’ म्हटलं होतं.

आता शिवणयंत्र. हे कलम नीट वाचावं, कारण बाकीचं सगळं मी ह्याला टाळण्यासाठी लिहिलं.

तीन वर्षांपूर्वी त्याच चित्रकाराने सुलतानाच्या महालातल्या नाचाचे पोशाख काढले. ढगळ रेशमी अंगरखा, खाली घोळदार विजार, आत कॉर्सेट नाही. तोवर नाचणाऱ्या मुलीसुद्धा आतून कंबर आवळूनच उड्या मारायच्या. तालमीत पहिल्याच उडीला अंगरखा काखेपर्यंत चढला आणि खापर माझ्यावर फुटलं. मी तो घरी आणला. मादामनी उलटा केला, आणि हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

“अरे तंबूवाल्या, तंबूला मधे खांब लागतो की नाही?”

त्यांनी जाड कापडाचा पट्टा कापला, त्यात देवमाशाच्या हाडाचे चार तुकडे उभे घातले आणि तो कमरेशी आतून बसवला. रेशीम त्याला जेमतेम चार ठिकाणी टाचलं. बाहेरून काही दिसेना. मुलगी उडाली, रेशीम हवेत, पट्टा जागच्या जागी.

पहिल्या खेळाला मी पडद्याआडून बघत होतो. नाचणारीच्या बरगड्या श्वासाबरोबर हलताना दिसत होत्या, आणि वरच्या सज्जात घट्ट आवळलेल्या बायका बसल्या होत्या, त्यांना धड पुढे वाकताही येईना. महिन्याभरात शिंपिणींच्या दुकानांच्या काचेत तसेच ढगळ झगे लागले. वर्षभरात मादामकडे गिऱ्हाईक यायचं थांबलं. दुकानात चार मुली बसायच्या, आता एकही नाही. काचेतलं कॉर्सेट उन्हाच्या बाजूने पिवळं पडलंय.

एकदा शिव्या दिल्या असत्या तर मी मोकळा झालो असतो. त्या देतात कोबीचं सूप. त्यातला डुकराच्या मांसाचा तुकडा माझ्या वाडग्यात येतो.

आणि गंमत अशी की त्या बिनकॉर्सेटच्या झग्यांच्याही आत तोच पट्टा असतो. एक मोठं कपड्यांचं दुकान ते माझ्याकडून करून घेतं. पट्ट्यावर सोनेरी अक्षरांत त्या दुकानाचं नाव विणलेलं, माझं नाही आणि मादामचंही नाही. मी मादामना म्हटलं, तुम्ही करा हे काम. त्या म्हणाल्या, “मी कॉर्सेट करते. कॉर्सेटच्या मढ्यावरची लेणी करत नाही.” ऑक्टोबरात दुकान सोडून त्या शार्त्रला बहिणीकडे जाणार. बहिणीकडे कोंबड्या आहेत. “मला कोंबड्या आवडत नाहीत,” म्हणाल्या, “आणि कोंबड्यांना मी.”

तरी माझ्या पश्चात शिवणयंत्र, पट्ट्याचे सगळे साचे आणि त्या दुकानाचं काम मादाम ओर्तांस विलमाँ यांनी पूर्ण मालकी हक्काने घ्यावं. त्यावर माझ्या भावांचा काही हक्क नाही. हे उपकार नव्हेत. वस्तू मुळात त्यांची आहे.

एलुआ कारादेक
पॅरिस, ११ जून १९१२

साक्षीदार: ऑग्युस्त गोब्ले
साक्षीदार: ओर्तांस विलमाँ

पुरवणी, त्याच दिवशी दुपारी.

दुसरी सही कशी झाली ते लिहायला हवं. साक्षीला मी आन्सेल्मला बोलावलं होतं. त्याच्या आधी मादामच पळी घेऊन वर आल्या, गोब्लेंच्या हातातून कागद ओढून वाचला.

“मस्यू गोब्ले, वारसाला साक्षीदार होता येतं का?”

“छे, मादाम. नोटरीपुढच्या मृत्युपत्रावर वारसाने साक्ष घातली तर त्याचा वाटा गेलाच.”

“असं का? आण रे तो टाक.” पळी माझ्या हातात देऊन त्यांनी ऐसपैस सही ठोकली. “घे. मेलास तरी मला काही देता येणार नाही तुला.”

गोब्ले छताकडे बघत राहिले. जिन्यात मला म्हणाले, “हे काही नोटरीपुढचं नाही बाबा. हाताने लिहिलेल्याला साक्षीदार लागतच नाहीत. माझी सही तुझ्या समाधानासाठी, त्यांची नुसती शोभेची. वाटा जागच्या जागी आहे.”

परत आलो तर मादाम माझा नमुन्याचा पट्टा उजेडात धरून उभ्या. “ही टाच? पहिल्या शिंकेला उघडेल. असलं काम माझ्या छपराखालून बाहेर जातं?” पट्टा घेऊन खाली गेल्या. आता हाडं भिजत घालायच्या घमेल्यात पाणी ओतल्याचा आवाज येतोय.

मला हलकं वाटायला हवं होतं. वाटत नाही. ज्या पट्ट्याने दुकान बुडालं तोच त्यांच्या हातात ठेवून मी बोटीत बसणार, आणि मादाम घमेल्यातल्या पाण्यात बोटं घालून बसणार. म्हणून एक कलम वाढवतो. मृत्युपत्रात ते बसत नाही असं गोब्ले म्हणतात, न बसू दे: यंत्र जाताना मादामकडे ठेवतो, आणि मी जिवंत परतलो, तरी ते परत मागणार नाही.

एलुआ कारादेक
पॅरिस, ११ जून १९१२