रिकाम्या पाकिटांवरच्या सह्या

१४ नोव्हेंबर, रविवार दुपार

प्रिय टकळी,

अनेक आशीर्वाद. दादाचा खोकला थांबला असेल. वहिनीला सांग, तिनं पाठवलेला स्वेटर खांद्यात घट्ट होतो, पण घालते. दुकान बरं चाललंय. म्हणजे, चाललंय. तुझ्या जागी अजून कुणी ठेवलेलं नाही.

तू कॉलेज सोडायचा अर्ज लिहिलास, असं दादा फोनवर म्हणाला. ‘माझ्यासारखीनं औषधांच्या दुकानात पाय ठेवू नये,’ असं म्हणतेस म्हणे. ते वाक्य माझं आहे गं. शिंपीकाका घेरी येऊन पडले, मनगट मोडलं, आणि त्याच संध्याकाळी चार गिऱ्हाइकांसमोर मी तुला ते ऐकवलं.

तीन आठवडे डायरीत हेच लिहितेय आणि दर वेळी एक गोष्ट गाळतेय. आज लिहिते.

आपल्याकडे गोळ्यांच्या पाकिटावर दोन सह्या लागतात. भरणाऱ्याची आणि तपासणाऱ्याची. काकांच्या पाकिटावर तुझ्याखाली माझी सही आहे. ती मी सकाळी नऊ वाजता केली होती, पाकीट रिकामं असताना. गर्दीत खोळंबा नको म्हणून रोज पन्नास-साठ रिकाम्या पाकिटांवर सह्या करून ठेवायचे. तुला ठाऊक होतं. त्या संध्याकाळीही तू ते बोलून दाखवलं नाहीस.

आणि तुझ्या एका कानात लेक्चर, समोर टॅबवर घरपोच ऑर्डरी, हातात काकांच्या गोळ्या, शिवाय फोनवर माझेच निरोप: ‘बघितलंस का?’ ‘उत्तर दे ना गं!’ मागच्या खोलीतून! चार पावलं चालायचा कंटाळा. वर येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं सांगायचे, ‘आमची अष्टभुजा आहे.’ तू एकदा म्हणालीस, ‘आत्या, मला आता एक पानही सलग वाचता येत नाही. मधेच हात फोनकडे जातो.’ मी म्हणाले, ‘पान राहू दे, पाकीट वाच म्हणजे झालं.’ तू हसलीस. मला वाटलं, विनोद जमला.

तुझी चूक नव्हती, असं म्हणणार नाही. रक्तदाबाच्या पंचवीस मिलिग्रॅमच्या जागी पन्नासच्या गोळ्या तुझ्याच हातानं गेल्या. पण त्या माझ्या नजरेखालून जायला हव्या होत्या.

काल काकांकडे जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी प्लास्टरमधला हात उशीवर ठेवला. मग म्हणाले, ‘बाई, मी चाळीस वर्षं कापड कापलं. दोनदा मापल्याशिवाय कात्री लावली नाही. तुम्ही तर माणसांना औषध देता.’ मी माफी मागितली. दिली, असं ते म्हणाले नाहीत. बरोबरच आहे.

उद्या औषध निरीक्षकांकडे लेखी जबाब देतेय, सह्यांसकट. परवाना काही दिवस जाईल, कदाचित कायमचा. दादा म्हणेल, बसल्या जागी पायावर कुऱ्हाड मारून घेतलीस. म्हणू दे. दुकान उरलंच, तर काउंटरवर फोन असणार नाही. आधी माझा जाईल.

तुझा अर्ज कपाटात असेल तर तिथंच राहू दे. परत माझ्याकडे ये, असं म्हणत नाही. दुसरीकडे शीक, पण शीक. तुझ्या वाटची चूक तू उचल, त्याहून एक गुंजही जास्त नको.

जबाबात तुझ्या नावाच्या वर जिचं नाव आहे, ती
तुझी आत्या