वास न येणारं सांबार

१४ मे, बुधवार
फोडणी करपली. या आठवड्यातली तिसरी. मोहरी तडतडली, कढीपत्ता टाकला, फोन वाजला म्हणून मान वळवली, एवढंच. डोळ्यांना धूर झोंबला तेव्हा कळलं, आणि तोवर स्मोक अलार्म बोंबलायला लागला होता. संदीप वरच्या मजल्यावरून धावत खाली. "अगं, काय जळतंय?" त्याला वर कळतं, मला दोन फुटांवर नाही.

सायकलवरून पडले त्याला आज तीन आठवडे. ओल्या पानांवरून चाक घसरलं, डोकं मागून फुटपाथच्या कडेवर. हेल्मेट होतं म्हणून वाचले. हाड मोडलं नाही, टाका नाही. फक्त वास गेला. सगळाच. आज नाकाच्या डॉक्टरांनी तपासलं. नस दुखावलीय म्हणाले. परत येईल कदाचित, कदाचित नाही. सहा महिने, वर्ष. "ट्राय नॉट टु वरी." बरं.

१७ मे, शनिवार
पामीतल्या, म्हणजे आमच्या या छोट्या शहरातल्या, इंडियन दुकानात. मी यादी घेऊन खरेदी करणाऱ्यातली नाहीच, हुंगत फिरणारी. हिंगाची डबी, कॉफीची पाकिटं, खोबरेल, सगळं नाकाशी धरून. सं. लांब उभा राहतो, ओळख नसल्यासारखा.

आज कढीपत्त्याचं पान चुरडलं. नुसतं ओलं, हिरवं काहीतरी. बाबांच्या नोकरीमुळे वयाच्या सातपासून पंधरापर्यंत मी बंगळुरूला वाढले, आडनाव देशपांडे आणि जीभ तिथली. शाळेतून येताना कुणाच्या घरी काय शिजतंय ते रस्त्यावरून सांगायचे. आणि आता हे.

दुकानाचे काका फिजीचे. "एकदम फ्रेस आया आज, दीदी." मी म्हटलं, हां, क्या खुशबू है. का बोलले खोटं? त्यांना काय फरक पडणार होता?

शेवगा, सांबार कांदे, उकडा तांदूळ, कॉफी. नेहमीचं सगळं घेतलं. घेणारच.

२२ मे, गुरुवार
ऑफिसात आज टेस्टिंग होतं. पांढरे कप, कपावर फक्त नंबर, रंग कळू नये म्हणून लाल दिवा, दह्याचे सहा नमुने. नऊ वर्षं या चव-वास तपासणाऱ्यांच्या पॅनलवर आहे. आमची बॉस फियोना नवीन लोकांना सांगते, शंका आली तर अनघाला विचारा.

आंबट कळतं, गोड कळतं, घट्टपणा कळतो. 'कुबट', 'उकळलेल्या दुधासारखा', 'गवताळ' हे रकाने अंदाजाने भरले. पडले तेव्हा फियोनाला फक्त डोक्याचं सांगितलं होतं. नाकाचं नाही.

पुढच्या वेळेपर्यंत येईल वास. आलाच पाहिजे.

१ जून, रविवार
लिहावंसं वाटत नाहीये. तरी लिहिते.

सकाळी इडल्या केल्या, खास लेकीसाठी, ईरासाठी, शाळेची क्रॉस-कंट्री शर्यत झाली म्हणून. नारळाची चटणी गुरुवारची होती. चाखली, आंबट लागली. वाटलं, दही जरा जास्त पडलंय. ईराने दोन इडल्यांबरोबर भरपूर खाल्ली. सं.ने वाटी तोंडाजवळ नेली आणि लगेच खाली ठेवली. "अनघा, ही गेलीय." तोवर उशीर झाला होता. दुपारपासून पाच उलट्या. हेल्थलाइनला फोन केला, त्यांनी घोट घोट पाणी द्यायला सांगितलं. संध्याकाळी थांबल्या.

ती सोफ्यावर, डोकं माझ्या मांडीवर. "मम्मा, डिडन्ट यू स्मेल इट?"
नाही गं.
"लाइक, ॲट ऑल?"

अकरा वर्षांची आहे. तिला आम्ही "आईला सर्दी झालीय" असं सांगितलं होतं.

सगळं सांगितलं. ती म्हणाली, आजपासून फ्रीजमधलं सगळं मी हुंगणार. पहिला डबा स्वतःच उघडला, आजारी असताना.

३ जून, मंगळवार
काल किंग्ज बर्थडेची सुट्टी. दिवसभर पाठ केलं काय बोलायचं ते. आज सकाळी फियोनाच्या केबिनमध्ये गेले आणि पाठ केलेलं सगळं विसरले. सरळ सांगितलं. वास येत नाही, एप्रिलपासून. २२ तारखेचे माझे आकडे खोटे आहेत.

फियोना चिडत नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. "व्हाय डिडन्ट यू जस्ट से?" म्हणाली. त्या दिवसाचं टेस्टिंग पुन्हा करावं लागणार, दहा माणसांना पुन्हा बोलवावं लागणार. मी मान खाली घालून ऐकलं. मग म्हणाली, पॅनलवरून तुला आता काढते, अहवालांचं काम बघ. वास आला असं वाटलं की सांग, नवीन माणसांची घेतो तीच चाचणी देऊ तुला.

नवीन माणसांची. मला.

बाहेर आले, गाडीत बसले. रडले नाही. ठरवलं. चाचणी देणार.

१० जून, मंगळवार
क्लिनिकने कागद दिलाय. रोज दोन वेळा चार वास, प्रत्येकी वीस सेकंद, डोळे मिटून, तो वास आठवत. त्यांच्या यादीत लिंबू, गुलाब, लवंग, निलगिरी. गुलाबाशी माझं काय नातं? माझे चार: हिंग, मेथी, कढीपत्ता, भाजलेली सुकी मिरची. सं. म्हणाला, डॉक्टरला विचार तरी. विचारलं. चालेल म्हणाले, ओळखीचे असले तर उत्तमच.

काहीच येत नाही. आठवतं मात्र सगळं. मेथीचा डबा उघडला की डोळ्यांपुढे आमचं बंगळुरूचं स्वयंपाकघर.

५ जुलै, शनिवार. ऑकलंड
शाळेला सुट्टी, म्हणून सगळेच आलो. काल सात तास गाडी. फ्लॅट बुशला सं.च्या मावसभावाकडे मुक्काम. त्याने विचारलं, "एवढ्या लांब फक्त डोसे खायला?" हो. दर तीन महिन्यांनी येते, याही वेळी येणार.

सकाळी सँडरिंगहॅमला खरेदी. ईरा पुढे, मी मागे. ती प्रत्येक पाकीट नाकाशी नेऊन निकाल देत होती. "धिस वन. नॉट दॅट. ईव." कॉफीही तिनेच निवडली. दुकानातल्या बाईला वाटलं पोरीला वेड लागलंय.

मग मामींच्या हॉटेलात जेवायला. नात्याच्या नाहीत, सगळेच त्यांना मामी म्हणतात. मामी मूळच्या तामिळ, माटुंग्यात वाढल्या, मराठी तोडकं पण ठसक्यात. आठ टेबलं आणि शनिवारी बाहेर रांग. दर वेळी त्या स्वतः सांबार आणून समोर उभ्या राहतात, आणि मी वाटी उचलून, न खाता, नुसत्या वासावर सांगते: आज धणे जास्त भाजले, आज हिंग नवीन. सहा वर्षं चाललाय हा खेळ. एकदाही चुकले नाही.

आजही उभ्या राहिल्या. "हां, बोल."

वाटी उचलली. गरम वाफ चेहऱ्यावर आली, बस. शेजारच्या टेबलावरचे लोक बघत होते. वाटलं, काहीतरी ठोकून देऊ. धणे बरोबर आहेत मामी, असं. जमलं असतं.

"मामी, मला वास येत नाही. पडले, तेव्हापासून."

मामींनी खांद्यावरचा पंचा काढून टेबलावर ठेवला आणि माझ्यासमोर बसल्या. रांग तशीच. "मग आता काय काय कळते?"
आंबट. तिखट. खारट. गरम.
"कुरकुरीत कळते?"
हो.
"मऊ?"
हो.
"मग पुष्कळ कळते. जेव. रडायचा असेल तर नंतर रड, इडली थंड होते."

जेवले. आयुष्यात इतकं लक्ष देऊन कधी जेवले नाही. इडली दाताखाली कशी सुटते, वड्याची कड कुठे कडक आणि कुठे नरम. चिंच आधी जिभेच्या कडांना लागते, तिखट मागून, घशापाशी. सांबारातलं सांबार काही सापडलं नाही. पण वाटी संपवली.

निघताना मामींनी हात धरून आत नेलं. मोठ्या कढईत फोडणी चालली होती. "डोळे बंद. ऐक." मोहरीचा आवाज आधी सुटा सुटा, मग दाट, मग विरळ. "आता!" मी म्हटलं. त्याच क्षणी मामींनी कढीपत्ता टाकला. "हां. आता घरी जळणार नाही तुझा."

गाडीत बसल्यावर रडले. सं.ने गाडी चालू केली नाही, बसून राहिला.

६ जुलै, रविवार
परतीची वाट. ताईहापेच्या पुढे समोर मेंढ्यांचा ट्रक, भरलेला, ओव्हरटेक करायला जागा नाही. सं.ने काचा वर केल्या. मागून ईरा, "इट रीक्स!" मी माझी काच पूर्ण खाली केली. दोघंही ओरडले.

काहीतरी होतं. वास म्हणता येणार नाही. नाकाच्या मुळाशी दाब, जड, ओलसर. दहा किलोमीटर तो ट्रक समोर होता आणि दहा किलोमीटर मी काच खाली ठेवली. बाहेर सहा डिग्री, इथला हिवाळा.

सं. म्हणतो, ती थंडी असेल. असेल.

१९ जुलै, शनिवार
वास यायला लागला आणि सगळा चुकीचा. कांदा परतला की जळकं प्लास्टिक. लसूण म्हणजे कुजलेलं काहीतरी. उडदाची डाळ भिजवली तर बाथरूममध्ये जाऊन उभी राहिले. डॉक्टरांशी फोनवर बोलले. नस जुळताना असं होतं, बहुतेकदा चांगलं लक्षण आहे, पण हेच कायम राहणार नाही याची खात्री देत नाही, म्हणाले. काही नसण्यापेक्षा हे बरं की वाईट, सांगता येत नाही.

सं. म्हणाला, "आता तरी सांबार सोड, माझ्या आमटीवर ये." आमटीही तशीच लागते, सांगितलं. मग दोघंही हसत सुटलो.

आठवडाभर भात-दही. पण हिंग, मेथी, कढीपत्ता, मिरची दोन वेळा चालू. डोळ्यांत पाणी येतं, तरी वीस सेकंद म्हणजे वीस सेकंद.

९ ऑगस्ट, शनिवार
आमच्या लग्नाचा वाढदिवस. सं.ने विचारलं, कुठे जायचं, थाई, पिझ्झा? मी म्हटलं, डोसा. इथे पामीत एकच जागा आहे, स्क्वेअरजवळ. "अनघा, कशाला?" कारण दर वर्षी तिथेच जातो म्हणून.

दार उघडताच प्लास्टिक, प्लास्टिक, प्लास्टिक. दहा मिनिटं बसले. डोसा आला तशी उठले आणि बाहेर. फुटपाथवर वाकून श्वास घेत उभी, लोक बघतायत. ईरा माझं जॅकेट घेऊन मागे आली.

"यू डोन्ट हॅव टु, मम्मा."
माहितीये.
"देन व्हाय?"

मी एकदा सोडलं ना, तर मग सोडलंच, म्हटलं. तिला किती समजलं कोण जाणे. जॅकेट घालायला मदत केली तिने, मी लहान असल्यासारखी.

आत गेले. अर्धा डोसा. नाक चिमटीत धरून नाही, नीट. सं.ने माझा उरलेला अर्धा खाल्ला आणि पहिल्यांदाच म्हणाला, चांगला असतो गं हा. चौदा वर्षांनी.

२५ ऑगस्ट, सोमवार
फियोनाचा मेल. नवीन माणसांची चाचणी गुरुवारी आहे, तयार असशील तर ये, नाहीतर पुढची फेब्रुवारीत. नो प्रेशर. सं. म्हणतो, फेब्रुवारी. कांदा अजून जळकाच आहे. गेल्या आठवड्यापासून थोडा कमी, की मला सवय झाली, ते कळत नाही.

साडेपाचला ईराला पोहण्याच्या क्लासहून आणायला गेले. ती गाडीत बसली, ओला टॉवेल आणि पोहण्याचे कपडे पुढे टाकले, आणि मी किल्ली फिरवता फिरवता थांबले.

क्लोरीन.

प्लास्टिक नाही, कुजकं नाही. स्वच्छ, थंड, नाकाला टोचणारं क्लोरीन.

"व्हॉट?"
सांगितलं. तिचा विश्वास बसेना. मला डोळे मिटायला लावले. एका पिशवीत ओला टॉवेल, दुसरीत तिचा ओला केलेला टी-शर्ट, नळाच्या पाण्याने, त्यासाठी पळत परत आत गेली. पार्किंगमध्ये चार वेळा परीक्षा घेतली, पिशव्या पाठीमागे अदलाबदल करून. तीनदा बरोबर. एकदा चूक.

"वॉज दॅट रिअल, ऑर वर यू गेसिंग?"

मला नाही माहीत, म्हटलं. खरंच नाही माहीत.

घरी आले, कोट न काढता फियोनाला उत्तर लिहिलं. गुरुवारी येते.