नापास मावशी

ती. आत्यास, तुझ्या भाचीचा पदवीसकट वाकून नमस्कार. डोळा कसा आहे? ऑपरेशननंतर हात लावायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलंय, आणि तू लावतेच आहेस हे मी इथे बसून सांगते. माझी तब्येत ठणठणीत. मान तेवढी आखडलीय, कारण गळ्यातलं ऑफिसचं ओळखपत्र उलटं फिरू नये म्हणून मी ताठ चालते. (आई म्हणते, भाजी आणायला जाताना तरी काढ. बाबा म्हणतात, राहू दे.)

तर माझं काम. आजारी, म्हाताऱ्या माणसांच्या घरी आमची संस्था केअरटेकर मावशी पाठवते. ती सेवा कशी चालते हे बघून गुण द्यायचे, हे मी करते. आपल्या घरात आजवर सगळ्यांना दुसऱ्यांनीच गुण दिले; देणारी मी पहिली. परवा साहेबांनी मला एका टेलरमास्तरांकडे धाडलं. एक बाजू लुळी पडलेली, घरात दुसरं कोणी नाही, आणि आमच्या मावशींबद्दल सतत तक्रारी. या वेळीही गुण पडले नाहीत तर मावशींना कामावरून काढायचं ठरलं होतं, आणि मी न्याय करायच्या तयारीनेच जिना चढले.

मास्तरांनी बस म्हणायच्या आधी माझ्या कुर्त्याची कड बघितली आणि शिलाई तिरकी असल्याचं जाहीर केलं. (ती मीच घातली होती.) मग कोण कोणाला तपासायला आलंय हा प्रश्नच उरला नाही. त्यांनी मला ती कड तिथेच उसवायला बसवलं, आणि मी टाके काढत प्रश्न विचारू लागले. मावशी वेळेवर येतात? कधीच नाही. अंघोळ? गार पाण्याने. बोलणं? खेकसते. हे सांगणाऱ्या माणसाची दाढी गुळगुळीत, नखं कापलेली, चादर ताठ. सदा पलंगावर असणाऱ्यांच्या पाठीला हयगय झाली की जखमा होतात, म्हणून ती आधी बघायची असं आम्हाला शिकवलंय. बघितली, तर साधा लाल डागसुद्धा नव्हता. मावशींनी तेवढ्यात त्यांना पाहुण्यांसमोर तरी तोंड पुसा म्हणून दटावलं, आणि मास्तरांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू पुरावाच सापडला.

मावशी औषधं आणायला खाली उतरल्या, तसे मास्तर पुढे झुकले.

“पोरी, शून्यच देतेस ना? मागच्या बाईला मी तोंडभरून नावाजलं, तर तुमच्या ऑफिसने तिला उचलून कुठल्याशा अवघड पेशंटकडे पाठवलं. हिला मी नेऊ देणार नाही.”

“मास्तर, आज शून्य दिलं तर यांची नोकरीच जाईल.”

 मास्तर म्हणाले, पूर्ण गुण दे. आणि लगेच म्हणाले, नको, मग नेतील.

मी लोंबत्या कडेनिशी थेट साहेबांच्या खोलीत गेले आणि सांगितलं की खोट मावशींत नाही, आपल्या बदल्यांत आहे. चांगल्या बाईला आपण पळवतो, म्हणून लोक तिला वाईट म्हणतात. साहेबांनी विचारलं, तुमच्या नोकरीला किती दिवस झाले? मी म्हटलं, माझी नोकरी कोवळी आहे, पण मास्तरांची पाठ खोटं बोलत नाही. साहेब स्वतः जाऊन पाठ बघून आले. कालच हुकूम निघाला: पेशंटला आणि मावशींना विचारल्याशिवाय कोणाचीही बदली नाही. मावशींना पूर्ण गुण, त्या मास्तरांकडेच राहिल्या. मी हे सांगायला गेले, तेव्हा मास्तरांचं कारस्थान कळल्यावर त्या खरोखरच खेकसल्या. मग त्यांनी कापड धरलं आणि मास्तरांनी एका हाताने माझी कड सरळ शिवून दिली. आत्या, मी उगाच ताठ चालत नाही.

तुझी,
तपासनीस भाची

ता.क. या प्रकारानंतर आम्ही सगळ्याच तक्रारी काढून बघितल्या. ‘बाई उर्मट आहे, आळशी आहे’ असे सर्वांत जास्त फोन तुझ्या घरून आले आहेत. आम्ही तुझ्याकडे पाठवलेल्या मावशींची नोकरीही आता काठावर आहे. सोमवारी तुझ्याकडे दुसरी तपासनीस येईल (नात्यामुळे मला मनाई). तिला खरं सांग, कोणी नेणार नाही. आणि एक सांग, तुला आकडे दिसत नाहीत, मग तक्रारीचा फोन लावून कोण देतं?

पुन्हा ता.क. मावशी, हे पत्र तुम्हीच वाचून दाखवत असणार. आत्या ‘पुढचं गाळ’ म्हणेल, गाळू नका. आत्ता ती डोळ्याला हात लावेल. आजच्यापुरतं खेकसू नका.