दोन अर्ध्या मुखवट्यांची व्यवस्था

मी, निवृत्त बसचालक, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. गेले तीन दिवस मला मधूनच हसू फुटते. ते वेडाचे लक्षण नाही, असा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. माझे घर, जिथे आता संग्रहालय उघडले आहे, ते या दरीतल्या देवाधर्माच्या वस्तूंच्या संग्रहालयाला द्यावे. लोकांनी टाकायला काढलेले मुखवटे, नवसाच्या घंटा, गाण्यांच्या वह्या मी एकतीस वर्षे बसच्या टपावरून घरी आणल्या. बायको म्हणायची, "देव पलंगावर, मग आपण कुठे झोपायचं?" तिची तक्रार रास्त होती. संग्रहालयाच्या उद्घाटनाला ती हवी होती.

२. पुतण्याने त्यातली एक घंटा परस्पर विकली. त्याला काहीही देऊ नये. संग्रहालय पाहायला आला तर मात्र चहा द्यावा.

३. वरच्या व खालच्या गावाकडे देवीचा अर्धा अर्धा मुखवटा होता. भांडणात तो दुभंगला आणि समोरच्यांनी अर्धी देवी पळवली, असे दोन्ही गावांतले लोक आजोबांच्या काळापासून सांगत. त्यापायी माझ्या धाकट्या बहिणीचे खालच्या गावच्या लोहाराशी ठरलेले लग्न मोडले. दोघांनीही पुढे लग्न केले नाही.

"साफ करून देतो" असे सांगून मी दोन्ही तुकडे आणले आणि उद्घाटनात सर्वांसमोर जोडून धरले. नाकाला नाक लागेना. एक डोळा रागीट, दुसरा हसरा. खालच्या गावच्या अर्ध्याला तर मिशी.

मग वरच्या गावची सुईण म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षं आपण भलत्याच कुणासाठी भांडलो की."

आधी तीच हसली. मग माणसे भिंतीला टेकून, जमिनीवर बसून हसू लागली. त्या गोंधळात बहीण पन्नास वर्षांनी लोहाराशी बोलली, "मिशी तुझ्यासारखीच आहे."

दोन्ही गावांनी तुकडे संग्रहालयाला लेखी दिले आहेत. ते शेजारी शेजारी टांगावेत. कोणीही चिकटवू नयेत.

४. घराची मागची खोली बहिणीला हयातभर राहायला द्यावी. चाव्या तिच्याकडेच असाव्यात.

साक्षीदार म्हणून लोहार आला होता. पेन उघडून बसला, तेव्हा वकिलांनी सांगितले, "जिला काही मिळतंय, तिचा नवरा साक्षीदार नको. तसं काही नातं नाही ना?"

लोहार माझ्याकडे बघू लागला. बहीण म्हणाली, "दुसरा साक्षीदार बघा."

त्याने पेनाला टोपण लावले.

साक्षीदार:
१. सुईण, वरचे गाव (सही)
२. माझ्या बसचा वाहक, खालचे गाव (सही)

मृत्युपत्र करणार: निवृत्त बसचालक (सही, हात हसण्याने हलला आहे, वयाने नव्हे)

स्थळ: संग्रहालयाची पुढची खोली
दिनांक: उद्घाटनानंतरचा तिसरा दिवस, मंगळवार