मागच्या खिशातला फोन

प्रिय ताई,

बातमी आधी सांगतो, कारण ती पोटात ठेवून पुढचं काही सुचणार नाही. मी फोन घेतला. होय, मीच. घरात फोन वाजला की न्हाणीघरात जाऊन नळ सोडणारा तुझा भाऊ आता स्वतःचा फोन मागच्या खिशात घालून फिरतो. दिवसातून दोनदा तो चार्जिंगला लावतो, एकदा गरज म्हणून आणि एकदा कौतुक म्हणून. तुझ्या भावजयीचं म्हणणं असं की लग्न नवं होतं तेव्हा मी तिच्याकडेसुद्धा इतकं वळून वळून पाहिलं नव्हतं. आणि सूनबाई, हे पत्र तुम्ही ताईला वाचून दाखवताय हे मला ठाऊक आहे, तेव्हा मामाची एक विनंती. जरा सावकाश वाचा. मी बोलताना अडखळतो त्याचं सगळं उट्टं लिहिताना काढतो, वाक्यं लांबतात, उगाच तुम्हाला धाप लागायची.

ताई, तुझं मागचं पत्र आलं तेव्हा पाकिटावरचं अक्षर बघूनच मी चपापलो. गेली काही वर्षं तुझं अक्षर मोठं मोठं होत चाललं होतं, ओळी उतरणीला लागल्या होत्या, पण अक्षर तुझं होतं. या वेळी सूनबाईंचं नीटनेटकं अक्षर, आणि त्यात लिहिलेलं की आईंना आता वाचता येत नाही, डॉक्टर म्हणाले उजेड-अंधार कळेल, माणूस समोर आलं तर आकार कळेल, पण अक्षर दिसणार नाही. खाली तुझा निरोप. आता पत्रं लिहायचा त्रास घेऊ नकोस, खुशाली फोनवर कळतेच. मला वाईट वाटलं आणि त्याहून जास्त तुझा राग आला. खुशाली कसली कळते? ही फोन धरते, मी शेजारी बसतो, तू विचारतेस तब्येत कशी आहे, मी मान हलवतो आणि ही सांगते, 'हो म्हणताहेत.' माझ्या मानेवर तू किती दिवस भागवणार? तोंड उघडलं की पहिल्याच अक्षरावर माझी गाडी अडते हे तुला सांगायला नको. समोर माणूस असला तर निदान त्याला माझे हलणारे ओठ दिसतात. फोनवर त्याला वाटतं लाइन गेली, आणि तो ठेवून देतो. म्हणून तर आयुष्यभर मनातलं सगळं तुला पत्रातून सांगत आलो. आता पत्रं बंद म्हणजे आपण दोघं बंद, आणि हे मला मान्य नाही.

फोन घ्यायचं ठरवलं ते मी फक्त रेडिओला सांगितलं. रेडिओ म्हणजे माझा कामावरचा जोडीदार, काचेचं दुसरं टोक धरणारा. सकाळी एकदा सुरू झाला की संध्याकाळपर्यंत बंद होत नाही, म्हणून सगळे त्याला तेच म्हणतात. आमचं उत्तम जमतं. खिडकीत काच बसवताना एक जण आत असतो, एक बाहेर. एकदा का काच चौकटीत बसली की कोणाचं कोणाला ऐकू येत नाही, आणि मग जगातल्या भल्या भल्या बोलक्यांना माझ्यासारखेच हातवारे करावे लागतात. मी हा धंदा का धरला असं लोक विचारतात तेव्हा मी नुसता हसतो, पण खरं कारण हे आहे.

तर रेडिओ मला फोनच्या दुकानात घेऊन गेला आणि आत शिरल्या शिरल्या मला विसरला. पाठीला तीन तीन डोळे असलेले, ताटाएवढे फोन तिथे मांडले होते. त्याने दुकानातल्या बाईंना सांगून टाकलं, 'यांना चांगला मोठा दाखवा, पिक्चर बघता आला पाहिजे.' मी 'न' वर अडकलो होतो, तोवर त्याने मोठ्या फोनमधली सगळी खेळणी उघडून पाहिली आणि शेवटी तो स्वतःसाठीच घेऊन बाहेर पडला. मी रिकामा. वाटेत म्हणतो कसा, 'तुझं काय, तुला काही पसंतच पडत नाही.'

मला काय हवं होतं ते माझ्या मनात अगदी पक्कं होतं. फोन चपटा हवा. मोठी काच उभी धरून, मांडीला टेकवून न्यावी लागते, आणि पुढच्या खिशात काही जाडजूड असलं तर काच नेमकी तिथे टेकते. रेडिओच्या आधीच्या फोनने एका शिंप्याच्या दुकानाची अख्खी दर्शनी काच खाल्ली, तेव्हापासून पुढचे खिसे रिकामे ठेवायचे असा मालकांचा हुकूम आहे. उरला मागचा खिसा, आणि तिथे जाड फोन घालून शिडीच्या पायरीवर टेकायचं म्हणजे काय होतं ते विचारू नकोस. शिवाय बटणं हवीत. दिवसभर मी काच कापतो, काच पुसतो, काच बसवतो, आणि घरी आल्यावर पुन्हा काचेवरच बोट फिरवायचं तर तो ओव्हरटाइम झाला. हातमोजा घातलेल्या बोटाला तर ती काच ओळखही देत नाही. उजेड पाडायची बॅटरी असली तर बरी, तिरप्या उजेडात ओरखडा चटकन दिसतो. बाकी फोन लागला पाहिजे, समोरच्याचं ऐकू आलं पाहिजे आणि किंमत ऐकून हिने कपाळाला हात लावता कामा नये. एवढं साधं, पण ते दुसऱ्या कोणाच्या तोंडून सांगितलं जाणं कठीण.

दुसऱ्यांनी माझी वाक्यं पुरी करायची मला सवय आहे, आणि ती सवय लावलीस तू. शाळेजवळच्या दुकानात मी 'पे… पे…' करत उभा असायचो आणि तू मागून येऊन 'पेपरमिंट द्या त्याला' म्हणायचीस. ताई, मला पेन्सिल हवी होती. पण पेपरमिंट हातात पडल्यावर तक्रार कोण करतो? आणि हिला मी पहिल्यांदा भेटलो तेव्हाचं आठवतं का? हिने विचारलं, तुम्हाला काय आवडतं. मी 'ग… ग…' पर्यंत पोचलो आणि तू आनंदाने सांगितलंस, 'गाणी. फार आवड आहे त्याला गाण्यांची.' मला म्हणायचं होतं, गप्प बसायला. आमच्याकडे अजून महिन्यातून एकदा टोमणा बसतो की गाणारा नवरा म्हणून पसंत केला आणि पदरात काय पडलं. मी काही तुला दोष देत नाही. तू मागे उभी असायचीस म्हणून मी दुकानात जायचो तरी, नाहीतर रस्त्याच्या पलीकडूनच परत आलो असतो. तेवढं प्रेम माझ्यावर पुढे कोणी केलं नाही. हे मी कधी बोललो नाही, म्हणून लिहून ठेवतो. सूनबाई, हे वाक्य पुन्हा एकदा वाचा.

तर दुसऱ्या खेपेला मी एकटा गेलो. खिशात चिठ्ठी लिहून नेली होती, पण ती काढायची नाही असं ठरवलं. दुपारची वेळ, दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. बाईंनी मला ओळखलं, पण ओळख दाखवली नाही, फडकं घेऊन काउंटर पुसत राहिल्या. मी 'च… च…' करत होतो आणि माझ्या मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या. त्यांचं काउंटर पुसून झालं, बिलाचं पुस्तक पुसून झालं, मग त्यांनी भिंतीवरचं घड्याळही उतरवून पुसलं. 'चपटा,' मी म्हणालो. त्या म्हणाल्या, 'बटणांचा का टचचा?' आणि पुन्हा फडकं उचललं. ताई, अख्ख्या दुकानातली धूळ उतरली त्या दिवशी, पण फोन मी माझ्या तोंडाने मागितला. काळा, चपटा, माझ्या शर्टाच्या कॉलरपेक्षा जाड नाही. बटणं टपोरी. मागे छोटी बॅटरी.

मग सिमचं आलं. बाई म्हणाल्या, महिन्याच्या बिलाचं घेतलंत तर कंपनीतून फोन येतो, नाव, पत्ता सगळं तोंडी सांगावं लागतं. मी दोन्ही हात वर केले. स्वतःचं नाव सांगण्याइतकी अवघड गोष्ट मला दुसरी नाही. त्या हसल्या आणि म्हणाल्या, 'मग प्रीपेड घ्या. कागदपत्रं इथेच होतात, कोणी काही विचारत नाही. आधी पैसे भरायचे आणि मग हवं तेवढं बोलायचं.' त्यात पुन्हा दोन प्रकार. एकात मिनिटाचे पैसे कापतात, तो माझ्यासारख्याला बुडीत धंदा, 'हॅलो' म्हणेपर्यंतच रिचार्ज संपायचा. दुसऱ्यात महिनाभर कितीही वेळ बोला. आयुष्यात पहिल्यांदा भरपूर बोलायची सोय बघून मी काहीतरी विकत घेत होतो आणि मलाच हसू येत होतं.

शेवटी त्यांनी मला फोन हातात देऊन बाहेर फुटपाथवर उभं केलं. आवाज नीट जातो का ते बघू म्हणाल्या आणि आतून फोन लावला. दुकानाच्या काचेतून मला त्या दिसत होत्या, कानाला फोन लावून उभ्या. हातातला फोन थरथरला, मी हिरवं बटण दाबलं, आणि 'ह' वर अडकलो. बाजूने माणसं जात होती, एक आजोबा थांबून बघायला लागले. आत एक गिऱ्हाईक शिरलं, बाईंनी त्याला हाताने थांबवलं आणि त्या तशाच ऐकत राहिल्या. मग त्यांचा आवाज आला, 'तुमचा श्वास ऐकू येतोय. माइक चांगला आहे.' त्यांनी ते फोनबद्दल सांगितलं होतं, माझ्याबद्दल नाही, पण माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आपण गप्प असतो तेव्हा पलीकडे काहीच पोचत नाही असं मी साठी जवळ आली तरी समजून चाललो होतो.

फोनचा पहिला आठवडा गमतीचा गेला. ही स्वयंपाकघरातून मला बाहेरच्या खोलीत फोन लावते आणि सराव म्हणून विचारते की जेवायला येताय ना. मी 'हो' म्हणेपर्यंत जेवण निवतं, मग ती स्वतःच येऊन ताट पुढ्यात ठेवते. कामावर वेगळंच घडलं. रस्ता ओलांडून एका दवाखान्याची मोठी काच नेत होतो. रेडिओ पुढे, मी मागे, आणि माझा मागचा खिसा थरथरायला लागला. दोन्ही हात काचेला, फोन थांबायचं नाव घेईना, आणि तोंडातून 'थांब' तर निघायचंच नाही. आमच्यात एक खूण आहे, नखाने काचेवर टिचकी मारली की जागच्या जागी थांबायचं. मी टिचकी मारली, काच सावकाश टेकवली, घाईघाईने फोन काढला. फोन रेडिओचा. त्याच्या मागच्या खिशातल्या त्या तीन डोळ्यांच्या फोनने चालता चालता आपण होऊन मला फोन लावला होता. भर रस्त्यात, दोन्हीकडे गाड्या भोंगे वाजवताहेत आणि आम्ही काचेला धरून पोट धरधरून हसतोय, असं दृश्य होतं. दुसऱ्या दिवशी रेडिओने मला बाजूला घेऊन विचारलं, तुझ्यासारखा साधा फोन कुठे मिळतो रे.

आता खरं काम. मागच्या आठवड्यात मंगळवारी दुपारी तुला एक फोन आला असेल. तू दोनदा 'हॅलो' म्हणालीस, कोणी बोललं नाही, तू ठेवून दिलास. बुधवारी पुन्हा आला. गुरुवारी तर तू 'मेलं कुणी रिकामटेकडं दिसतंय' म्हणालीस आणि ठेवलास. ताई, ते रिकामटेकडं मी होतो. तुझा आवाज ऐकून बरं वाटलं, शिवीसुद्धा आवडली, पण तू फार लवकर ठेवतेस. म्हणून हे पत्र. रविवारी सकाळी, तुझा चहा झाला की मी फोन करीन. ही भाजी आणायला गेलेली असेल, मी एकटाच असेन, तूही सूनबाईंना जरा बाहेर बसायला सांग. फोन उचल आणि काही ऐकू आलं नाही तरी ठेवू नकोस. लिहिताना मी तुला ताई म्हणतो, पण तोंडाने आजवर एकदाही म्हटलेलं नाही, हे तुझ्या कधी लक्षात आलं का? 'त' मला जमत नाही. सगळा जन्म मी 'अगं' वर भागवलं. रविवारी मी 'अगं' म्हणणार नाही. मला किती वेळ लागेल सांगता येत नाही, आणि तुला मध्येच कळेल की मी कुठल्या शब्दावर अडलोय. तरी 'हो रे, ताईच बोलतेय' असं म्हणू नकोस. तेवढा एक शब्द माझा मला म्हणू दे.

तुझाच,
घुम्या