चर्चची घंटा आणि माझं भाषण

श्री. अभिमन्यूदाजी यांना राधाकिशनचा रामराम. आक्काच्या गुडघेदुखीला उतार पडला असेल, तुमचा खोकलाही थांबला असेल, असं इथूनच धरून चालतो. आमचं सगळं बरं आहे, फक्त माझी अब्रू जरा आजारी आहे.

पालीच्या पुढच्या गावात जुनं दगडी चर्च आहे. तिथल्या एका पाद्रीबाबांनी फार पूर्वी जात्यावरच्या चालीत येशूच्या ओव्या रचल्या, बायका त्या अजून गातात. त्या ओव्यांवर रविवारी आमच्या साहित्य मंडळात माझं भाषण आहे. (त्या चर्चमध्ये माझं कायम येणं-जाणं असतं, असं मी मंडळाला सांगून बसलोय. येणं-जाणं म्हणजे एसटीच्या खिडकीतून.) म्हटलं, भाषणाआधी निदान एकदा आतून बघावं. मंगळवारी गेलो.

चपला बाहेर काढल्या, आत पाऊल टाकलं, तर दाराशी वरून दोर लोंबत होता. आता दाजी, कपिलधार असो की गावचा मारुती, घंटा वाजवल्याशिवाय मी कधी देवासमोर उभा राहिलोय का? ओढला दोर, जोडले हात. तिथली रीत मला कुठली माहीत! रविवारी घंटा वाजते ती उपासनेची. आडवारी वाजली, की गावात कुणीतरी गेलं.

बाहेर येऊन बघतो तर माणसं भिवराबाईंच्या घराकडे निघालेली. ही म्हातारी वर्षभर आजारी, घराबाहेर न दिसलेली, म्हणून तीच गेली असं सगळ्यांनी धरलं. सून रानात, दार लोटलेलं, आत जायचं कुणाचं धाडस होईना. मीही हळहळत मागोमाग गेलो. मंडळाचे साहेब म्हणून कुणीतरी ओळखून खुर्ची दिली. खुर्ची दिल्यावर मी गप्प बसलेला तुम्ही कधी पाहिलाय? उभा राहिलो. भिवराबाईंशी माझा जुना घरोबा होता (नाव तिथंच कळलेलं), ओव्या गाव्यात तर त्यांनीच, असा गळा पुन्हा होणे नाही, वगैरे. बायका रडायला लागल्या. मलाही खरंच भरून आलं. तेवढ्यात दार उघडून काठी टेकत एक म्हातारी बाहेर आली.

"लई चांगलं बोललात," ती म्हणाली. "कोण गेलं?"

तिच्या पुतण्यानं, बंकटनं, शांतपणे विचारलं की घंटा कुणी वाजवली. मी हात वर केला. आता मार पडतो असं वाटलं, पण म्हातारीनं मला चहाला बसवून घेतलं. "वरीसभर कुणी उंबऱ्याशी फिरकलं न्हाई," ती म्हणाली. "आज समदं गाव आलं. तुमच्यावर काऊन रागवू?" दाजी, मी भाषण न करता नुसता चहा प्यायलो. आक्काला हे खरं वाटणार नाही.

घरात सर्वांना यथायोग्य.

तुमचा,
राधाकिशन

ता. क. मुद्द्याचं राहिलंच. रविवारी माझ्याऐवजी तुम्ही बोला. ही हकिकत मंडळात पोचलीय आणि मला तोंड दाखवायला जागा नाही. मी तापानं फणफणतोय म्हणून सांगा.

आणखी एक ता. क. पाकीट चिकटवतोय तोच बंकट निरोप घेऊन आला. म्हातारी म्हणते, "माझी तारीफ म्या निम्मीच ऐकली. ऐतवारी येते, पयल्यापासून सांगा." वर्षभरात ती त्या अंगणापलीकडे गेलेली नाही. तेव्हा माझा ताप उतरला. तुम्ही येऊ नका, तिला आणायला तुमची गाडी तेवढी पाठवा.