खोक्यांची खोली

ता. ४ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पुस्तकांची तिसरी खेप परवा बोटीवर चढली. आधीच्या दोन्हींपेक्षा ही मोठी आहे, तेव्हा हमाल जास्त सांग आणि स्वतः खोकी उचलायला जाऊ नकोस. तुझा गुडघा आणि तुझा हट्ट, दोघांनाही मी ओळखून आहे.

आता खरी बातमी. आमच्या या अवाढव्य ग्रंथालयाने तुझ्या गावातल्या लहानशा ग्रंथालयाला पुस्तकं द्यायची, ही माझी योजना देशोदेशी गाजते आहे. मे महिन्यात इथे निरनिराळ्या देशांतल्या ग्रंथपालांची परिषद आहे आणि मुख्य भाषण माझं आहे. दोन देशांतल्या ग्रंथालयांनी तर आत्ताच कळवलंय की आम्हीही अशीच खोकी भरतो. ताई, इतकी वर्षं मी घसा फोडून सांगतोय की पुस्तकाला सरहद्द नसते, ज्याच्याकडे जास्त आहे त्याने ते कोंडून ठेवणं हा गुन्हा आहे! आता कुठे लोक ऐकायला लागलेत. इथे दरवर्षी जुनी पुस्तकं कपाटांतून काढून लगद्याच्या कारखान्यात धाडत. मी साहेबांच्या टेबलावर मूठ आपटून सांगितलं, की मी या खुर्चीत असेपर्यंत एकही पुस्तक दळलं जाणार नाही.

एक काम कर. या पुस्तकांनी तुझ्या वाचकांचं काय भलं झालं ते दोन पानांत लिहून पाठव. मी ते व्यासपीठावरून वाचून दाखवीन. मुलांबद्दल जरूर लिही. मुलांचं नाव काढलं की सभा विरघळते.

लोभ आहेच, उत्तराला उशीर करून तो ताणू नकोस.

तुझा,
भोंगा

ता. २ मार्च

चि. भोंग्यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र वाचताना तुझा आवाज कानात घुमत होता. लहानपणी तू गल्लीत ओरडायला लागलास की समोरच्या आजी गिरणीचा भोंगा झाला समजून घड्याळ लावून घ्यायच्या. आता देशोदेशीचे लोक लावून घेतायत म्हणायचं.

खेप पोचली. खोकी फार नीट बांधली होती, एका पुस्तकाचा कोपरासुद्धा दुमडला नाही. शिपाईमामांनी आणि मी मिळून ती मुलांच्या खोलीत रचली. बाकी कुठे जागा उरलेली नाही. मुलं तूर्त जिन्यावर बसून वाचतात. तिथे हवा चांगली येते. काहींच्या परीक्षा आहेत, त्यामुळे गर्दी कमीच असते. ग्रंथालयाचे अध्यक्ष येऊन खोक्यांपुढे उभे राहून फोटो काढून गेले. खोलीच्या दारावर तुमच्या ग्रंथालयाच्या नावाची पाटी लावू म्हणाले.

भाषणासाठीचं मला काही लिहिता येत नाही रे. आयुष्यभर दुसऱ्यांनी लिहिलेलं नीट लावून ठेवण्यात गेलं. तू अध्यक्षांकडून मागव, त्यांना हौस आहे.

गुडघा आहे तसाच. तुझ्या मायेत कमतरता नाही, फक्त जागेत आहे.

तुझी,
ताई

ता. २० मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

अध्यक्षांचं पत्र मला नको. अध्यक्ष सगळीकडे सारखेच लिहितात. मला तुझं हवं. तू जे लिहिशील ते मी एकही स्वल्पविराम न बदलता, पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत वाचीन. हा भावाचा शब्द आहे, सभेतला नव्हे.

आणि मला लिहिता येत नाही म्हणतेस, तर तुझं जिन्याचं वाक्य वाचून माझे डोळे भरून आले. पुस्तकं इतकी झाली की मुलांना बसायला जागा उरली नाही! मी ते भाषणाच्या सुरुवातीलाच घेतलंय. यापेक्षा मोठं यश ग्रंथालयाचं काय असतं?

वाट बघतोय. रागावलीस तरी चालेल, पण लिही.

तुझा,
भोंगा

ता. ९ एप्रिल

चि. भोंग्यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

हे घे तुझ्या सभेसाठी.

माझा भाऊ लहान असताना शेजारपाजारची फाटकी पुस्तकं गोळा करून खळ लावून चिकटवत बसायचा. आज तो समुद्रापलीकडून आमच्यासाठी पुस्तकं धाडतो. खोकी उतरतात तेव्हा रस्त्यातले लोक थांबून बघतात आणि माझी मान ताठ होते. इतकं दूर जाऊन, इतकं मोठं होऊन, ज्या कपाटापाशी उभं राहून तो वाचायला शिकला त्या कपाटाची आठवण ठेवणारा माणूस विरळा.

आता खोक्यांत काय आहे ते. तुमच्या देशातले करांचे नियम, तेही आता बदललेले. कोणी बनवत नाही अशी यंत्रं दुरुस्त करण्याची पुस्तकं. तुमच्या शहरातल्या टेलिफोनवाल्यांची जाडजूड सूची. पहिला भाग नसलेल्या कादंबऱ्यांचे दुसरे भाग. आणि वैद्यकाची पुस्तकं, सोनेरी अक्षरांची, सुंदर.

परिचारिका व्हायला निघालेली एक मुलगी त्यातलं एक पुस्तक तुमचा शिक्का बघून विश्वासाने घेऊन गेली. भाजलेल्या जखमेवर काय करायचं ते तिने त्यातून पाठ केलं आणि तोंडी परीक्षेत तेच सांगितलं. परीक्षक म्हणाले की हे आता कोणी केलं तर रोग्याचं नुकसान होईल. तिला नापास केलं. पुस्तक परत करायला आली तेव्हा ती माझ्यावर चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. उशीर तर नाही ना झाला, एवढंच विचारून गेली. मला मान वर करता आली नाही.

मुलं जिन्यावरही येईनाशी झाली आहेत. येणाऱ्याजाणाऱ्यांचे पाय लागतात, आवाज केला की लोक ओरडतात. मुलंच येत नाहीत तर खोली कशाला, ती सरकारी कचेरीला देऊन टाकू, असं अध्यक्ष म्हणतात. जूनच्या बैठकीत निर्णय आहे. भोंग्या, या गावात मुलांना फुकट बसता येईल अशी तेवढी एकच खोली आहे.

मी आधी का बोलले नाही, असं विचारशील. खोकी तुझी होती म्हणून. आणि पुस्तक फेकायला माझा हात उठत नाही म्हणून. प्रत्येक पोचपावतीवर अत्यंत उपयुक्त असा शेरा मीच मारलाय, माझ्या सुवाच्य अक्षरात. त्या शेऱ्यांवर तू भाषणं केलीस. तेव्हा या लाजेत माझा वाटा आहे, तो मी तुझ्या अंगावर ढकलत नाही.

वाचीन म्हणालास. वाच.

ताई

ता. १६ मे

ती. ताईस,
शि. सा. न.

आज वि. वि. लिहायचा धीर होत नाही.

तुझं पत्र परिषदेच्या आठवडाभर आधी मिळालं होतं. दाराला कडी लावून वाचलं. जिन्याचं वाक्य भाषणातून खोडलं आणि ठरवलं, की संपूर्ण पत्र वाचायचं. अन्यायावर तोंड वाजवत फिरलेला माणूस मी, स्वतःच्या अन्यायापुढे शेपूट घालीन? तसाच व्यासपीठावर चढलो.

पहिला परिच्छेद वाचला. पुढचा शब्द डोळ्यांसमोर होता, आणि तोंड उघडेना. मी कागदाची घडी घातली आणि म्हणालो की पुढचं मला वाचवत नाही. लोकांना वाटलं माझा कंठ दाटून आला. सगळी सभा उठून उभी राहिली, ताई. टाळ्या थांबेनात. आणि मी हात जोडले! नको म्हणालो नाही, हात जोडून त्या टाळ्या घेतल्या.

एका दूरच्या बंदराच्या शहरातल्या ग्रंथपालबाई डोळे पुसत आल्या. त्यांनीही खोकी भरली आहेत, तुझ्याचसाठी. तुझं पत्र मोठ्या अक्षरात लिहून वाचनालयाच्या दर्शनी भिंतीवर लावायचं म्हणाल्या आणि त्याची नक्कल मागितली. मी पाठवतो म्हणालो.

खरं सांगू? ती पुस्तकं मेलेली आहेत हे मला माहीत होतं. कपाटातून काढणाऱ्याला माहीत असतंच. पण लगद्याच्या कारखान्याच्या कागदावर सही करायला हात धजेना. घरात नको झालेली मांजराची पिल्लं लोक पोत्यात घालून दुसऱ्याच्या दारात सोडून येतात, तसं मी केलं. दार तुझं निवडलं, कारण तू हाकलणार नाहीस ही खात्री होती. वर त्याला बंधुभाव असं नाव दिलं.

मी रजा टाकून येऊ का? सगळी खोकी स्वतः उचलीन.

भोंगा

ता. २८ मे

चि. भोंग्यास,
आशीर्वाद.

येऊ नकोस. तू आलास की अध्यक्ष हार घेऊन उभे राहतील, तुझ्याच्याने नको म्हणवणार नाही, आणि आणखी एक फोटो निघेल.

त्या बाईंनी पत्राची नक्कल मागितली आहे ना? मग पत्राची दे. एका परिच्छेदाला पत्र म्हणत नाहीत, हे ग्रंथपालाला मी सांगायला हवं का? ज्यांनी ज्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या त्या सगळ्यांना पाठव, आणि खाली तुझी सही कर. पोचपावत्यांवरचे शेरे खोटे होते, हेही माझ्या नावावर लिही. अध्यक्षांना मी सांगते. मला त्यांची भीती वाटते, पण सांगते.

तुझ्यावरचा लोभ गेलेला नाही. फक्त सध्या तो तुझ्याशी बोलत नाही.

ताई

ता. २१ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पाठवलं. सगळ्यांना, सगळं. खाली लिहिलं, की टाळ्या चुकून मिळाल्या आणि मी त्या जाणूनबुजून घेतल्या.

साहेबांनी बोलावून घेतलं. ग्रंथालयाची अब्रू चव्हाट्यावर आणली म्हणाले. मी म्हटलं, अब्रू मी आधीच खोक्यांत भरून बोटीवर चढवली होती. योजना बंद झाली आणि पुढच्या परिषदेतून माझं नाव काढलं. लोक जेवणाच्या टेबलावर मी आलो की हवापाण्याचं बोलायला लागतात. कान तापतात, पण बसतो तिथेच.

जी पुस्तकं मी तुझ्याकडे पाठवण्यासाठी वेगळी काढली होती, ती या आठवड्यात एकेक हातात घेऊन रद्दचा शिक्का मारतोय. काम मदतनिसाचं आहे, तरी मीच करतोय. पहिल्या दिवशी जेवण गेलं नाही.

बंदरावरच्या बाईंनी आपली खोकी धक्क्यावरून परत उतरवून घेतली आहेत. माझ्या पत्राला त्यांनी एका शब्दाचंही उत्तर दिलं नाही. फक्त तुझा पत्ता मागवला. दिला.

तुझं मन राखायला म्हणून काही लिहू नकोस. वाटेल तेव्हा लिही.

तुझा,
भोंगा

ता. ३० जुलै

चि. भोंग्यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

खोली वाचली. अध्यक्षांना सगळं सांगितलं तेव्हा ते इतके लाजले, की बैठकीत खोलीचा विषयच त्यांनी पुढे येऊ दिला नाही. कोणी कारण विचारेल ही त्यांना धास्ती. मोठ्या मनाने नाही, तर संकोचाने मिळालेली खोली आहे. मी घेतली.

रद्दीवाल्याला बोलावण्याआधी शिपाईमामा आणि मी प्रत्येक पुस्तकातलं तुमच्या शिक्क्याचं पान फाडलं. कुठल्या पुडीवरही तो शिक्का बघून कोणी विश्वास ठेवायला नको. नापास झालेल्या मुलीच्या घरी जाऊन मी माफी मागितली. ती पुन्हा परीक्षेला बसते आहे. तिने मला बसायला खुर्ची दिली, तीवर मला बसवेना.

त्या बाईंचं पत्र आलं. तुझ्यासारखं गडगडाटी नाही, चार ओळींचंच आहे. तुमच्या मुलांना काय हवं आहे ते कळवा, आम्ही ते शोधू, नसेल तर तसं सांगू, असं लिहिलंय. मी लगेच कागद ओढला आणि भराभरा नावं लिहायला घेतली. चांगली, संस्कारक्षम, मला आवडणारी. अर्ध्यावर हात थांबला. बाईंनी मुलांना विचारलं होतं, मला नाही. आणि या खोलीत इतकी वर्षं काढून मी मुलांना हा प्रश्न एकदाही विचारलेला नाही, हे तेव्हा लक्षात आलं. मीसुद्धा त्यांच्यासाठी खोकीच भरत आले रे.

खोली उघडली त्या दिवशी जी काही मुलं आली त्यांना गोल बसवलं आणि विचारलं. परीक्षा आहे समजून सगळी एकमेकांकडे बघायला लागली. शेवटी खिडकीशी बसलेल्या एका मुलीने मलाच विचारलं, की खरं सांगायचं की तुम्हाला आवडेल ते सांगायचं?

मी म्हटलं, खरं. ती म्हणाली, विचार करून सांगते. अजून सांगितलेलं नाही. रोज येते, बसते, जाते. मी घाई करत नाही. बाईंना तेवढंच कळवलंय, की मुलं अजून आम्हाला पारखतायत.

तूही काही पाठवू नकोस. पत्र मात्र पाठव, तुझा लोभ आता कागदावर मावेल एवढाच हवा आहे.

तुझी,
ताई